लागर म्हणजे साठवण : अंबर बिअरची चव आणि सातूचा जिवंत दाणा

जर्मन धाटणीची अंबर लागर काचेच्या पेल्यात ओतून उजेडासमोर धरली, की तिचा रंग तांबूस मधासारखा दिसतो. परीक्षक आधी फेस आणि नितळपणा पाहतो, मग वास घेतो. तो वास पावाच्या खरपूस कडेची आठवण करून देतो. पहिल्या घोटात मंद गोडी जाणवते. मात्र ती जिभेवर रेंगाळत नाही, हॉप्सचा सौम्य कडवटपणा तिला आवर घालतो. फळांसारखा वास या प्रकारात दोष मानला जातो. मसाला नाही, फळ नाही, तीव्र कडवटपणाही नाही. त्यामुळे धान्यातील उणीव येथे झाकता येत नाही.

मद्यपानाचा पुरस्कार हा या लेखाचा हेतू नाही. राजस्थान, हरियाणा, पंजाब आणि उत्तर प्रदेशात माल्टसाठी सातू, म्हणजेच जव, पिकविला जातो. परीक्षकाला जाणवणारी चव धान्याच्या ज्या गुणावर उभी असते, त्याच गुणावर शेतकऱ्याचा माल स्वीकारला किंवा नाकारला जातो. तो गुण म्हणजे दाण्याची उगवणक्षमता.

रंग आणि चव कशी घडते?

बव्हेरियात 1553 च्या आदेशाने उन्हाळ्यात बिअर बनविण्यास मनाई केली. त्यामुळे मार्चमध्ये बनविलेली बिअर थंड तळघरांत साठवून उन्हाळ्यात पुरविली जाई. ‘मेर्त्सन’ हे नाव त्या मार्च महिन्यावरूनच पडले. पुढे 1841 मध्ये व्हिएन्नाच्या आंटोन ड्रेहर यांनी मंद भाजलेल्या माल्टपासून अंबर रंगाची लागर बाजारात आणली. 1872 मध्ये याच धाटणीची बिअर म्युनिकच्या ऑक्टोबर उत्सवात पोहोचली. ‘लागर’ या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी साठवण असा आहे.

माल्ट बनविण्याची रीत आपल्याकडील नाचणी सत्त्वाच्या रीतीशी मिळतीजुळती आहे. दाणे भिजवावयाचे, मोड आणावयाचे आणि योग्य वेळी वाळवून ती वाढ थांबवावयाची. फिकट माल्ट साधारण 80 ते 85 अंश सेल्सिअसला वाळवितात, तर अंबर लागरसाठीचा म्युनिक माल्ट 100 अंशांच्या आसपास नेतात. या उष्णतेत साखर आणि अमिनो आम्ले यांची परस्परक्रिया होऊन तांबूस रंग आणि खरपूस वास निर्माण होतो. ही साखर आणि अमिनो आम्ले मोड येताना दाण्यातच तयार होतात.

अंकुर नसेल तर?

भिजलेल्या दाण्यातील अंकुर जिबरेलिन हे संप्रेरक स्रवतो. ते मिळताच दाण्याच्या बाहेरील ॲल्युरोन थरात विकरे तयार होतात आणि ती पिष्टमय व प्रथिनमय भाग मोकळा करतात. अंकुर मृत असेल, तर हा निरोपच पोहोचत नाही. असा दाणा वरून टपोरा दिसला तरी माल्ट होत नाही, तो कच्चाच राहतो. त्यातून अर्क कमी उतरतो, गाळण रेंगाळते, बिअर गढूळ होते आणि खरपूस वासाला लागणारी सामग्री तोकडी पडते. म्हणूनच माल्ट उद्योग साधारणपणे 95 टक्के किंवा त्याहून अधिक उगवणक्षमता मागतो.

खापरा भुंगेऱ्याची निवड

साठवणीतील खापरा भुंगेऱ्याची अळी दाण्याच्या अंकुराकडील भागापासून खाण्यास सुरुवात करते. धान्याच्या वजनात घट नगण्य दिसते तेव्हाही उगवण घसरलेली असू शकते. पिठासाठी असा माल कदाचित चालून जाईल. माल्टसाठी तो निकामी ठरतो.

सातूची काढणी मार्च-एप्रिलमध्ये होते. ताज्या दाण्यात काही आठवडे सुप्तावस्था असते, त्यामुळे तो लगेच माल्टसाठी वापरता येत नाही. साठवण अटळ ठरते. नेमक्या याच काळात कडक उन्हाळा असतो आणि या किडीची वाढ सुमारे 35 अंश तापमानाला सर्वांत वेगाने होते. अतिशय कोरड्या धान्यातही ती तग धरते, म्हणून केवळ धान्य वाळवून निश्चिंत राहता येत नाही. प्रौढ भुंगेरा उडत नाही. कीड पसरते ती जुनी पोती, वाहने आणि कोठारांतील भेगा यांमधून. प्रतिकूल काळात केसाळ अळ्या भेगांत दडून अन्नाविना दीर्घकाळ जगतात.

शेतातील काळजी

सातूवरील मावा रस शोषतो. दाणे बारीक राहतात आणि पिष्टाचा वाटा घटतो. नत्राची मात्रा उशिरा दिल्यास प्रथिने वाढतात. माल्टसाठी साधारण 9 ते 11 टक्के प्रथिने योग्य मानली जातात. म्हणून माव्यासाठी नियमित निरीक्षण करावे आणि नत्र शिफारशीपेक्षा उशिरा देऊ नये.

साठवणुकीत काय करावे?

• मळणीयंत्राची गती जुळवून घ्यावी. फुटलेला दाणा किडीला वाट देतो.
• धान्याची आर्द्रता 12 टक्क्यांच्या आत आणावी. ओलसर दाणे फार तापवून वाळवू नयेत. उष्णतेने कीड मारण्याचे उपाय येथे टाळावेत. अंकुरही मरण्याचा धोका असतो.
• नवीन पोती किंवा हवाबंद पिशव्या वापराव्यात. जुन्या गव्हाशेजारी थप्पी लावू नये.
• धान्य भरण्यापूर्वी कोठार झाडून भेगा बुजवाव्यात आणि जुना कचरा जाळावा.
• दर पंधरवड्याला थप्पीचा वरचा थर आणि पोत्यांच्या शिवणी तपासाव्यात. केसाळ अळ्या किंवा त्यांच्या कातींचा थर ही धोक्याची खूण होय.
• कीटकनाशक थेट धान्यात मिसळू नये. धुरीकरण केवळ अधिकृत, प्रशिक्षित व्यक्तीकडूनच, धान्य कोरडे असताना करून घ्यावे.
• महिन्यातून एकदा 100 दाणे ओल्या कापडात गुंडाळून तीन दिवसांनी मोड मोजावेत. काढणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आकडा कमी आला, तर सुप्तावस्था हेही कारण असू शकते. त्यानंतर मात्र घसरण दिसल्यास कीड किंवा ओल शोधावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी विक्रीच्या दिवशी नव्हे, तर पोती भरण्याच्या दिवशी शेतकऱ्याकडे जावे. चांगल्या वाणाने आणि निगुतीने केलेल्या शेतीने मिळविलेला गुण टिकतो की जातो, हे त्या दिवसापासून पुढच्या काही महिन्यांत ठरते. खराब झालेले कोठार पुढच्या हंगामाआधी दुरुस्त करता येते. दाण्यातील मेलेला अंकुर मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाही.