जिल्ह्याच्या सरासरीत न मावणारे रक्तदोष

परभणी जिल्ह्यात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे प्रमाण किती, या प्रश्नाला जिल्हाभराची एकच टक्केवारी हे उत्तर फारसे कामाचे नाही, कारण हे आनुवंशिक दोष तालुक्यांच्या हद्दी पाहून नव्हे, तर सोयरिकीच्या वाटा धरून पसरतात. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. आंध या आदिवासी समाजाची मोठी वस्ती त्यामुळे नव्या जिल्ह्यात गेली आणि कागदावरची सरासरी बदलली, पण कोणाच्या रक्तात काही बदलले नाही.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीत झाली. या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. बीटा थॅलेसेमियात तीच साखळी पुरेशी तयार होत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः बहुधा धडधाकट पण एक सदोष जनुक बाळगणारे असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

गावपातळीवरच्या विद्राव्यता चाचणीत रक्ताचा थेंब द्रावणात मिसळून नळीमागे छापील रेघा धरतात. रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे असे समजून नमुना पुढच्या तपासणीला जातो, कारण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे या गढूळपणावरून ठरत नाही. थॅलेसेमियाचा वाहक मात्र या चाचणीतून निर्दोष म्हणून सुटतो. त्याचा सिकल वाहकाशी विवाह झाला, तर अपत्याला सिकल-थॅलेसेमिया हा मिश्र आणि अनेकदा त्रासदायक आजार होऊ शकतो. त्यातच थॅलेसेमिया वाहकाच्या पेशीही लोहाच्या कमतरतेतल्यासारख्याच लहान आणि फिकट असतात, म्हणून ‘रक्त कमी आहे’ एवढे ऐकून लोहाच्या गोळ्या हाती पडतात आणि मूळ कारण तसेच राहते. शिवाय खरोखरच लोह कमी असेल, तर ज्या ए-२ हिमोग्लोबिनच्या वाढीवरून वाहक ओळखायचा तेच खाली येते आणि निदान हुकते.

जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. गंगाखेड-सोनपेठकडच्या ऊसतोड कुटुंबांसाठी मात्र शिबिराची तारीख आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे, कारण दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी, म्हणजे ‘कोयता’, एकत्रच फडावर जाते. तिथे दिवस राहिले, तर दोघांचे नमुने राहून जातात आणि गर्भाच्या जनुकीय तपासणीसाठी योग्य असलेला १० ते १२ आठवड्यांचा काळ गाव गाठण्याआधीच उलटतो.