बंदरापासून उलटा हिशेब

माळव्यातल्या माणसाला समुद्राचे अप्रूप काही निराळेच असते. क्षिप्रा आणि नर्मदा यांच्या सान्निध्यात वाढलेल्या आपल्या मंडळींना अथांग पाणी पाहायचे तर मुंबई गाठावी लागते. आता त्या पाण्यावर दोन-तीन रात्री काढण्याची सोयही मुंबईहून झाली आहे. सन २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करीत आले आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी बॅलार्ड पिअर येथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. परिणामी, एकेकाळी केवळ परदेशी पाहुण्यांची समजली जाणारी ही सहल आज इंदूर-हातोदच्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही आवाक्यात आली आहे.

हातोदसारख्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञाकडे लोक केवळ ताप-खोकल्यासाठी येत नाहीत. बाळाला लस टोचून झाली, की पालक हळूच विचारतात, “डॉक्टरसाहेब, बोटीवर याला त्रास तर होणार नाही ना?” अशा वेळी बोट लागण्यावरचे औषध लिहून देण्यापूर्वी मी त्यांना एक उलट प्रश्न विचारतो : “आदल्या रात्री मुंबईत मुक्काम कुठे आहे?” बहुतेकांनी जहाजावरच्या खोलीचा विचार महिनाभर केलेला असतो, पण या एका रात्रीचा विचार मात्र ‘मिळेल ते स्वस्त हॉटेल’ एवढ्यावरच संपलेला असतो. माझ्या मते सहलीचे यशापयश पुष्कळदा याच रात्रीवर ठरते.

प्रथम, ही रात्र लागतेच कशाला? अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी इंदूरहून निघून पहाटे बोरिवली-मुंबई सेंट्रलला पोहोचते आणि जहाजावर प्रवेश सहसा दुपारी सुरू होतो. मग त्याच दिवशी थेट बंदरावर का जाऊ नये? कारण आगगाडी उशिरा पोहोचू शकते आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. तिकिटावर छापलेली वेळ ही जहाज सुटण्याची असते, नोंदणीची खिडकी त्याच्या बरीच आधी बंद होते. एकेकाळी रेल्वे आणि बोट यांची गाठ प्रत्यक्ष धक्क्यावरच पडत असे. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरील स्थानकातून सुटे आणि आपल्या रतलाम-नागद्यावरून दिल्लीकडे जाई. विलायतेहून आलेला उतारू बोटीतून उतरून सरळ डब्यात बसत असे. ते स्थानक केव्हाच इतिहासजमा झाले. आज गाडी आणि जहाज यांच्यामध्ये साऱ्या मुंबईचे अंतर उभे असते, आणि ते पार करण्यासाठी हाताशी एक रात्र हवी.

निवासाची निवड करताना बंदरापासून मागे मोजत यावे. त्यातही आधी बंदर कोणते, हे तिकिटावर नीट वाचावे. आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या मनात ‘बोट’ म्हटले की ‘भाऊचा धक्का’ असे समीकरण पक्के असते. कोकण-गोव्याच्या जुन्या बोटींमुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु भाऊचा धक्का माझगावला, तर क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला. ही दोन्ही ठिकाणे एक नव्हेत. बॅलार्ड पिअरला सर्वांत सोयीचे रेल्वे स्थानक म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तेथून टॅक्सीने थोडेसेच अंतर उरते. ऑटोरिक्षा मात्र माहीम-शीवच्या पलीकडे दक्षिणेस जाऊ शकत नाहीत. म्हणून उपनगरातून रिक्षाने थेट बंदरावर जाण्याचा बेत मनातून काढून टाकावा.

दक्षिण मुंबईतील हॉटेले चार-सहा जणांच्या कुटुंबाला परवडतीलच असे नाही. म्हणून उपनगर पाहणे रास्त आहे, पण कोणते? बोरिवली आपल्या गाडीच्या वाटेवर असल्याने प्रथम डोळ्यांसमोर येते. तेथे पहाटे उतरणे सोपे, पण दुसऱ्या दिवशी सुमारे ३४ किलोमीटर दूर चर्चगेटपर्यंत सामानासह लोकलने जायचे आणि तेथून पुन्हा टॅक्सी शोधायची, हे आजी-आजोबा आणि लहान मुलांसह सोपे नाही. रविवारी तर अडचण आणखी वाढते. दुरुस्तीसाठी रविवारी दिवसा मेगाब्लॉक घेण्याची लोकलमार्गांवर जुनी प्रथा आहे आणि त्याची वेळ नेमकी आपल्या निघण्याच्या वेळेशी जुळते.

माझ्या हिशेबात दोन भाग अधिक सोयीचे ठरतात. पहिला, अंधेरी पूर्वेकडील मरोळ-सहारचा परिसर. विमानतळालगत असल्याने तेथे मध्यम दराची हॉटेले पुष्कळ आहेत. भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून मरोळ नाका किंवा सहार रोडहून गाडी न बदलता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठता येते. संपूर्ण मार्गाचे कमाल भाडे ७० रुपये आहे, स्थानकांत सरकते जिने व उद्वाहने आहेत, आणि लोकलच्या मेगाब्लॉकचा तिच्याशी संबंध नाही. इंदूरहून विमानाने येणाऱ्यांना तर हे अधिकच सोयीचे, कारण विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांजवळ याच मेट्रोची स्थानके आहेत.

दुसरा भाग चेंबूर-घाटकोपरचा. सेंधवा-धुळे-नाशिक मार्गाने मोटारीने किंवा बसने येणाऱ्यांना तो ठाण्यानंतर सरळ वाटेवरच लागतो. २०१३-१४ मध्ये खुला झालेला पूर्व मुक्त मार्ग चेंबूरच्या बाजूने निघून पी. डि’मेलो रस्त्यावर, म्हणजे बंदराच्या परिसरातच, उतरतो. सामान गाडीत टाकून, वाटेत सिग्नलवर न थांबता जाता येते. तेथील खोली बोरिवलीपेक्षा थोडी महाग पडली, तरी टॅक्सीचे भाडे आणि दगदग जमेस धरता ती स्वस्तच ठरते.

भाडे ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. खोलीचा दिवस आपण आल्यापासून चोवीस तासांचा, की ठरावीक वेळेपासून? पहाटे पाचला पोहोचणाऱ्यास ‘खोली बारानंतर’ असे उत्तर मिळाले, तर दीड दिवसाचे किंवा दोन दिवसांचे भाडे पडते. सांगितलेला दर करासहित आहे का? २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के कर आहे. आणि तिसरे, इमारतीला लिफ्ट व खोलीत कमोड आहे का? गुडघे दुखणाऱ्या आजींना तिसऱ्या मजल्यावर चढवणारी खोली कितीही स्वस्त असली तरी ती स्वस्त नव्हे. केवळ सकाळचे काही तास काढायचे असतील, तर आयआरसीटीसीवर आरक्षित होणाऱ्या रेल्वेच्या विश्रामकक्षांचाही विचार करावा. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून पॉड हॉटेलही आहे. एकट्या तरुणाला ते उत्तम, पण लहान मुलांच्या कुटुंबाला त्या कप्प्यांत अवघडल्यासारखे होते.

आता थोडे माझ्या विषयाचे. जहाजांवर पसरणाऱ्या उलट्या-जुलाबांचे एक प्रमुख कारण नोरोव्हायरस हा विषाणू होय. संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत त्याची लक्षणे दिसतात. याचा अर्थ असा, की समुद्रात पहिल्या-दुसऱ्या दिवशी मूल उलट्या करू लागले, तर त्याचे मूळ जहाजावर नसून आदल्या रात्रीच्या जेवणात असू शकते. बोट लागली समजून आपण दुर्लक्ष करतो आणि एव्हाना मुलाच्या शरीरातले पाणी कमी झालेले असते. म्हणून त्या रात्री उघड्यावरचे खाणे, कापलेली फळे व बर्फ टाळावा. गरम वरण-भात खावा. हात साबणाने धुवावेत, कारण या विषाणूवर अल्कोहोलयुक्त द्रवाचा परिणाम फारसा होत नाही. जलसंजीवनीची पाकिटे हाताशी असावीत. खिडक्यांना जाळी आहे का हेही पाहावे. डास आणि हिवताप यांचे मुंबईशी जुने नाते आहे.

नातेवाइकांकडे उतरावे का, हाही प्रश्न येतो. एका खोलीच्या चाळीत दहा पाहुणे सामावून घेणाऱ्या पिढीचे आपल्यावर ऋण आहे. पण आज डोंबिवलीच्या छोट्या सदनिकेत नोकरी करणारे दांपत्य राहत असते. त्यांच्याकडे सहा माणसांनी पहाटे उतरण्यापेक्षा संध्याकाळी भेटीस जावे, बरोबर इंदूरची शेव न्यावी आणि झोपण्यास आपल्या खोलीवर यावे. त्यात आपुलकीही राहते आणि कोणाची कुचंबणाही होत नाही.

शेवटी एक गोष्ट, विशेषतः आपल्या व्यवसायबंधूंसाठी. स्वस्त निवास शोधताना परळ-दादरच्या धर्मशाळांची नावे कोणीतरी सुचवतेच. परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून, के.ई.एम. १९२६ पासून आणि वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून आहे. देशभरातून आलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक उपचारांसाठी या परिसरात आठवडेच्या आठवडे राहतात. गाडगेबाबांनी धर्मशाळा उभारल्या, त्या अशाच निराधार माणसांसाठी. तेथील एक खोली आपण एका रात्रीच्या सोयीसाठी अडवली, तर कर्करोगाने आजारी असलेल्या एखाद्या मुलाची आई पदपथावर झोपते. आपल्यापैकी अनेकांनी आपले रुग्ण परळला पाठविले आहेत. त्यांची जागा ती त्यांचीच. सहलीला निघालेल्या कुटुंबाने ओळखीच्या चिठ्ठ्या घेऊन त्या दारी जाऊ नये आणि आपणही त्या लिहून देऊ नयेत.

तात्पर्य, परवडणारा निवास म्हणजे सर्वांत कमी भाड्याची खोली नव्हे. ज्या खोलीतून घरातली सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान व्यक्ती नीट झोपून, नीट जेवून, न धावता बंदरावर पोहोचते, तीच खरी परवडणारी. यंदा ज्यांना सागराचे दर्शन घडणार आहे, त्यांचा प्रवास सुखरूप होवो.