कोपर्निकसचा ग्रंथ खरंच कुणी वाचला नव्हता?

कोपर्निकसचा ‘डी रिव्होल्युशनिबस’ १५४३ मध्ये न्यूरेम्बर्गला छापला गेला, पण तो इतका किचकट होता की त्या काळी कुणी वाचलाच नाही, असं आजही सर्रास सांगितलं जातं. ही समजूत रुजवली आर्थर कोस्लरच्या ‘द स्लीपवॉकर्स’ या १९५९ च्या पुस्तकाने. कोस्लर मुळात कादंबरीकार. खगोलशास्त्रज्ञ केप्लरची धडपड त्याने या पुस्तकात ज्या ताकदीने उभी केली आहे, तशी फार थोड्या इतिहासकारांना साधली. त्याच वर्षी ‘आयसिस’ या नियतकालिकात विज्ञानाचे इतिहासकार सांतिलाना आणि स्टिलमन ड्रेक यांनी पुस्तकावर कडक टीका केली, तरी न वाचलेल्या ग्रंथाची गोष्ट मात्र लोकांच्या तोंडी राहिली.

ती पडताळायची तर जुन्या प्रती उघडून बघायला हव्यात. ते काम ओवेन गिंगरिच या खगोलशास्त्रज्ञाने केलं. १९७० मध्ये एडिंबरोच्या वेधशाळेत त्याच्या हाती पहिल्या आवृत्तीची एक प्रत आली. तिचे समास शेवटपर्यंत टिपणांनी भरलेले होते, आणि ती टिपणं विटेनबर्गच्या इरास्मस राइनहोल्ड या गणितीची निघाली. पुढची तीस वर्षं गिंगरिच देशोदेशीची ग्रंथालयं धुंडाळत राहिला आणि १५४३ व १५६६ च्या आवृत्त्यांच्या सुमारे सहाशे प्रतींची नोंद त्याने २००२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातून दिसलं ते असं की एकाच गुरूची टिपणं वेगवेगळ्या प्रतींत, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत उतरवलेली आहेत. म्हणजे ग्रंथ वाचला जात होता आणि शिकवलाही जात होता.

यावर कुणी म्हणेल, टिपणांच्या प्रती मोलाच्या म्हणून जपल्या गेल्या, कोऱ्या प्रती नाहीशा झाल्या. पण पुस्तक झिजतं ते हाताळल्याने. कपाटात पडून राहिलेली कोरी प्रत टिकण्याचीच शक्यता जास्त. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: राइनहोल्डसारख्यांचं लक्ष ग्रहगणितावर होतं, पृथ्वी फिरते या प्रतिपादनापाशी ते फारसे थांबले नाहीत. हे खरं आहे, आणि कोस्लरच्या बाजूने एवढं मान्य करायलाच हवं. पण न पटणं वेगळं, न वाचणं वेगळं. गणितासाठी ग्रंथ पिंजून काढणारा वाचकच असतो, आणि त्याच गणिताच्या आधाराने राइनहोल्डने १५५१ मध्ये ग्रहांची कोष्टकं रचली. चर्चनेही १६१६ मध्ये ग्रंथ दुरुस्त होईपर्यंत रोखून धरला आणि १६२० मध्ये कोणती वाक्यं बदलायची याची यादी काढली. कुणाच्या वाचनात नसलेल्या ग्रंथावर एवढी मेहनत कुणी घेत नाही.

कोस्लरचा दावा कोसळतो तो त्याच्याच नायकापाशी, केप्लरपाशी. केप्लरची प्रत आज लाइपझिगला आहे. ती आधी न्यूरेम्बर्गच्या जेरोम श्रायबरची होती. ग्रंथाची निनावी प्रस्तावना कोपर्निकसची नसून ओसिआंडर या धर्मशास्त्र्याची आहे, हे श्रायबरने तिच्यात लिहून ठेवलं होतं. केप्लरने ते वाचलं, आणि १६०९ च्या ‘अॅस्ट्रोनोमिया नोव्हा’मध्ये ओसिआंडरचं नाव उघड केलं.