विश्लेषण : आयपी पत्त्यातला आकडा २५५च्या पुढे का जात नाही?

घरातल्या किंवा कार्यालयातल्या नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता असतो. आयपीव्ही-४ पद्धतीतला हा पत्ता आपल्याला १९२.१६८.१.७० असा दिसतो. संगणकासाठी मात्र ती शून्य आणि एक यांची ३२ अंकी रांग असते. दशमान आकडे केवळ आपल्या सोयीसाठी. निर्णय होतो तो द्विमान अंकांवर.

रूपांतर कसे करतात?

पत्त्याच्या चारही भागांना प्रत्येकी आठ बिट मिळतात. डावीकडून त्यांच्या किमती १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १. जिथे एक आहे, तिथल्या किमतींची बेरीज करायची. ०१०००११० म्हणजे ६४+४+२, अर्थात ७०. आठही जागी एक असले तर बेरीज २५५ होते. त्यापुढे जागाच उरत नाही. उलट रूपांतरात मोठ्या किमतीपासून वजाबाकी करायची. ६० मध्ये १२८ आणि ६४ बसत नाहीत, तिथे शून्य. ३२, १६, ८ आणि ४ वजा केले की काहीच उरत नाही. उत्तर ००११११००.

हे कळून फायदा काय?

समजा, संगणकाच्या पत्त्याच्या शेवटी ६० आणि प्रिंटरच्या शेवटी ७० आहे. बाकीचे आकडे सारखेच. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.१९२ आहे. १९२ म्हणजे ११००००००; त्यामुळे शेवटच्या भागातले पहिले दोन बिटही नेटवर्क ठरवतात. ६० मध्ये ते ०० आहेत, तर ७० मध्ये ०१. म्हणजे एकाच टेबलावर असूनही ही दोन उपकरणे वेगळ्या नेटवर्कमध्ये आहेत आणि राउटरशिवाय त्यांचा संपर्क होणार नाही. याउलट ७० आणि १२० (०११११०००) एकाच नेटवर्कमधले.

सुरुवातीच्या शून्याचा धोका काय?

काही प्रोग्रॅम ०१० हा आकडा अष्टमान समजून ८ असा वाचतात, काही १० असाच. त्यामुळे ०१०.०.०.१ हा पत्ता तपासणाऱ्या प्रोग्रॅमला अंतर्गत वाटतो, पण जोडणी बाहेरच्या ८.०.०.१ कडे जाऊ शकते. पायथॉन भाषेच्या आयपी पत्ते हाताळणाऱ्या लायब्ररीतला असा दोष २०२१ मध्ये समोर आला. त्यानंतर तिने असे पत्ते नाकारायला सुरुवात केली. म्हणूनच पत्ता लिहिताना आकड्यांआधी शून्ये जोडू नयेत.