‘ट्रू टू’ : शब्दाला जागणं, वाणाला जागणं

‘ट्रू’ म्हणजे खरा, एवढं आपण शाळेतच शिकतो. पण त्याच्यापुढं ‘टू’ आला की अर्थ सरकतो. आता कशाला तरी जागणं, कशाशी तरी तंतोतंत जुळणं आलं. ‘ही वॉज ट्रू टू हिज वर्ड’, म्हणजे तो शब्दाला जागला. बघा, आपल्या ‘शब्दाला’मधला ‘ला’ बरोबर ‘टू’च्या जागी बसतो. नाटक हुबेहूब जगण्यासारखं वाटलं तर ‘द प्ले इज ट्रू टू लाइफ’. आपल्या जुन्या दस्तांतला ‘अस्सलबरहुकूम’ही याच घरचा.

आपल्या बीडात मात्र ‘ट्रू टू टाइप’ जास्त कामाचा. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण सीताफळाचं बी लावलं तर रोप आईसारखंच निघेल याची खात्री नाही. परागकण दुसऱ्या झाडाचा असू शकतो. म्हणून ‘सीडलिंग्ज आर नॉट ऑलवेज ट्रू टू टाइप’. कलमाची काडी मात्र थेट निवडलेल्या झाडाची असते, म्हणून ‘ग्राफ्ट्स आर ट्रू टू टाइप’.

फळ दिसायला तीन-चार वर्षं लागतात. तोवर पैसा गेला, टँकरचं पाणीही गेलं. म्हणून रोपवाटिकेच्या पावतीवर हे तीन शब्द दिसले की वाणाचं नाव शोधायचं. ‘धारूर-६’, ‘बालानगर’, जे असेल ते. नावच नसेल तर आपण सरळ विचारायचं : ट्रू, पण कशाला?