कुलूपबंद आशय, ऑनलाइन खेळांतील

आंतरजालावर अनेकांनी एकत्र खेळावयाच्या संगणकीय खेळांत काही पात्रे, शस्त्रे वा वेशभूषा आरंभी उपलब्ध नसतात; ठराविक कामगिरी पार पाडल्यावरच त्या खुल्या होतात. अशा भागास कुलूपबंद आशय म्हणता येईल. लुडोत सहाचे दान पडल्याखेरीज सोंगटी घराबाहेर निघत नाही, तसाच हा प्रकार. मात्र तेथे दैव, तर येथे कौशल्य व चिकाटी अभिप्रेत असते.

या पद्धतीचे एक जुने रूप इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या व रिचर्ड बार्टल यांनी वाढविलेल्या ‘मड’ या खेळात आढळते. पुरेसे गुण मिळविणारा खेळाडू ‘विझर्ड’ (मांत्रिक) बने व इतरांना नसलेल्या आज्ञा त्यास वापरता येत. प्रगतीची नोंद सामान्यतः मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवतात. खेळाडूच्या यंत्रावर ती ठेवल्यास फेरफार करणे सोपे जाते.

पुढे याच कुलपाला पैशाची किल्लीही बसू लागली. खरेदी वेशभूषेपुरती असेल तर स्पर्धा बिघडत नाही. बळ विकले जाऊ लागले की बिघडते. ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ (२०१७) या विकतच्या खेळातही डार्थ व्हेडर हे पात्र खुले करण्यास खेळातील ६०,००० नाणी लागत; खेळाडूंच्या रोषामुळे ती १५,००० वर आणावी लागली. पुण्यातील सुपरगेमिंग कंपनीचा ‘इंडस’ (२०२४) विनामूल्य असून त्यात खेळांतर्गत खरेदीची सोय आहे. भारताच्या २०२५ च्या अधिनियमाने पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले. खेळातच वापरावयाच्या वस्तूंची विक्री हा त्याहून निराळा व्यवहार होय.