शोभिवंत सागरी माशांतील पांढरे ठिपके : विलगीकरण व उपचार

केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाऊन माशांच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केल्यापासून सागरी शोभिवंत मत्स्यपालन हा किनारपट्टीवर एक पूरक व्यवसाय म्हणून पुढे येत आहे. या व्यवसायात प्रजननक्षम जोडी हेच खरे भांडवल असते. बाहेरून आणलेला एक मासा थेट मुख्य टाकीत सोडल्यास परजीवींमुळे हे भांडवल काही दिवसांत नष्ट होऊ शकते. म्हणून नवीन माशांचे किमान 30 दिवस विलगीकरण अनिवार्य मानावे.

परजीवीचे जीवनचक्र

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होतो. तो माशाच्या त्वचेत व कल्ल्यांत 3 ते 7 दिवस राहून पोसला जातो. हीच ठिपक्यांची अवस्था होय. त्यानंतर तो मासा सोडून टाकीच्या तळाशी किंवा भिंतीवर कोष करतो. कोषात विभाजन होऊन 200 पर्यंत पिल्ले तयार होतात. बहुतेक कोष 3 ते 28 दिवसांत फुटतात. काही परिस्थितीत हा कालावधी 72 दिवसांपर्यंत लांबतो. बाहेर पडलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास ती मरतात.

किडींच्या कोषावस्थेवर फवारणीचा परिणाम होत नाही, तसेच येथेही घडते. त्वचेतील परजीवीला माशाच्या आवरणाचे, तर कोषाला कवचाचे संरक्षण असते. औषधाचा आघात केवळ पोहणाऱ्या पिल्लांवर होतो. त्यामुळे ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग गेला, असे समजणे घातक ठरते. परजीवी त्या वेळी कोषात असतो आणि पुढील हल्ला अधिक तीव्र असतो.

विलगीकरण टाकी

टाकीत वाळू, प्रवाळाचे तुकडे, शिंपले किंवा जिवंत खडक ठेवू नयेत. चुनखडीयुक्त पदार्थ तांबे शोषून घेतात आणि मात्रा अनिश्चित होते. आडोशासाठी प्लॅस्टिक नळीचे तुकडे पुरेसे आहेत. हवेचा पुरवठा सतत ठेवावा व अमोनिया दररोज तपासावा. जाळी, बादल्या व नळ्या स्वतंत्र असाव्यात.

उपचाराचे पर्याय

1. तांबे : पाण्यात मुक्त तांब्याचे प्रमाण लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम राखावे. प्रयोगशाळा दर्जाचे 6 ग्रॅम मोरचूद 1 लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे. या द्रावणाचे 10 मिलिलिटर 100 लिटर पाण्यात सुमारे 0.15 मिलिग्रॅम प्रतिलिटर तांबे देतात. ही मात्रा दोन दिवसांत विभागून द्यावी. त्यानंतर दिवसातून दोनदा चाचणी संचाने मोजूनच भर घालावी. बोर्डो मिश्रणाच्या अंदाजाने मोरचूद टाकल्यास मासे मरतात. उपचार किमान 3 आठवडे चालू ठेवावा. या काळात सक्रिय कोळसा काढून ठेवावा. कोळंबी, प्रवाळ व इतर अपृष्ठवंशीय जीव असलेल्या टाकीत तांबे कधीही वापरू नये.

2. क्षारता घटविणे : क्षारता टप्प्याटप्प्याने लिटरला 15-16 ग्रॅमपर्यंत आणून 3 ते 4 आठवडे ठेवावी. काही वाण कमी क्षारता सहन करतात. त्यामुळे निरीक्षण आवश्यक आहे. हा उपाय तांब्यासोबत एकाच वेळी करू नये.

3. टाकी बदल : मासे दर तीन दिवसांनी स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत ताज्या पाण्यात हलवावेत. असे चार बदल केल्यास गळून पडलेले परजीवी जुन्या टाकीतच राहतात. औषधाविना होणारा हा उपाय लहान घटकांस सोयीचा आहे.

निदानातील दक्षता

प्रत्येक परजीवीवर एकच उपाय चालत नाही. अंगावर बारीक सोनेरी भुकटीसारखा थर व जलद श्वसन दिसल्यास ॲमिलूडिनियमचा संशय घ्यावा. त्यावर तांबे उपयुक्त आहे. परंतु क्षारता घटविण्यावर विसंबू नये. क्लाऊन माशांच्या अंगावर दाट चिकट स्राव आल्यास ब्रुकलिनेला असू शकतो व त्यावर तांबे प्रभावी नाही. चपटे कृमी तपासण्यासाठी तापमान व सामू जुळवलेल्या गोड्या पाण्यात मासा 3 ते 5 मिनिटे ठेवल्यास गळालेले कृमी पांढरे दिसतात. त्यांची अंडी मात्र टिकून राहतात. म्हणून उपचार पुन्हा करावा लागतो. शक्य तेथे कल्ल्यांचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून व मत्स्य आरोग्य तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच औषध ठरवावे.

मुख्य टाकीत रोग शिरल्यास सर्व मासे बाहेर काढून ती किमान 6 आठवडे, शक्य असल्यास 11 आठवडे माशांविना ठेवावी. तांबेयुक्त पाणी खाडीत सोडू नये. सक्रिय कोळशातून गाळून व चाचणी करूनच त्याची विल्हेवाट लावावी. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक घटकात आगमनाची तारीख, लक्षणे, तांब्याची मोजणी व क्षारता यांची दैनंदिन नोंदवही ठेवण्याचा आग्रह धरावा. उपचार केव्हा थांबवायचा, हे ठिपक्यांवरून न ठरविता या नोंदींवरूनच ठरवावे.